पामतेलाची हुंडी

मुदतीची हुंडी ठरल्या दिवशीं सकारलीच पाहिजे, हा आपल्याकडील पेढ्यांचा जुना दंडक. परंतु जी हुंडी घेऊन कोणी दारांत उभाच राहत नाहीं, तिची मुदत भरली काय आणि टळली काय! पामतेलाच्या व्यापाराचा इतिहास पाहतां हाच विचार आमच्या मनांत येतो.

पामचें हें झाड मूळचें पश्चिम आफ्रिकेंतील. १८४८ सालीं त्याचीं चार रोपें जावा बेटांत बोगोरच्या वनस्पतिउद्यानांत लावण्यांत आलीं. बरींच वर्षें तें शोभेचें झाड म्हणूनच राहिलें. पुढें १९११ सालीं सुमात्रांत व १९१७ सालीं मलायांत त्याचे व्यापारी मळे उभे राहिले. आज जगांतील चार पंचमांशांहून अधिक पामतेल इंडोनेशिया व मलेशिया या दोन देशांतून येतें. त्यापायीं सुमात्रा व बोर्निओ येथील विस्तीर्ण अरण्यें तुटलीं.

ओरड झाली, तेव्हां वचनें आलीं. २००४ सालीं उत्पादक, खरेदीदार व निसर्गरक्षक संस्था यांनीं मिळून आर. एस. पी. ओ. ही प्रमाणपत्र देणारी सभा स्थापिली. २०१० सालीं कंझ्युमर गुड्स फोरम या बड्या कंपन्यांच्या मंडळानें २०२० पर्यंत आपल्या मालापायीं होणारी निव्वळ जंगलतोड शून्यावर आणण्याचें जाहीर केलें. २०१३ सालीं विल्मार या बलाढ्य व्यापारी कंपनीनेंही जंगलतोड करणाऱ्यांचें तेल न घेण्याचें वचन दिलें. २०२० साल उजाडलें. मंडळाची हुंडी सकारली गेली नाहीं.

मग हीं सारीं वचनें पोकळच होतीं काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. त्या दशकाच्या उत्तरार्धांत इंडोनेशियांत पामसाठीं होणारी जंगलतोड बरीच घटली. त्यास तेलाचे उतरलेले भाव आणि २०१८ सालीं सरकारनें नव्या मळ्यांचे परवाने तीन वर्षें थांबविले, हींही कारणें होतीं; परंतु युरोपांतील गिऱ्हाइकांचा तगादा हेंही एक होतें. २०२३ सालीं युरोपीय संघानें तर या तगाद्यास कायद्याचें रूप दिलें.

पामतेलाची जगांत सर्वाधिक आयात करणारा देश मात्र आपला हिंदुस्थान आहे. आपल्या फरसाणांत, बिस्किटांत, साबणांत तें आहे. आणि आपण विचारतों तो केवळ भाव! पेढीवरील दंडक कागदाच्या बळावर कधींच पाळला गेला नाहीं. मुदतीच्या दिवशीं मागणारा येई, म्हणून तो पाळला जाई.