ऑइल पंप: चांद्याच्या जंगलातील जीपचे एक दुर्लक्षित साधन

जुन्या चांदा जिल्ह्याच्या स्वातंत्र्योत्तर इतिहासात सागवान, कोळसा, कागद गिरणी आणि वाघ यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आलापल्लीच्या पुढे साहेब, सर्वेक्षक आणि डॉक्टर ज्या जीपने गेले, ती मात्र सरकारी दप्तरात ठळकपणे दोनदाच भेटते: खरेदीच्या वेळी आणि लिलावाच्या वेळी. मधली वर्षे लॉगबुकातल्या किलोमीटर आणि लिटरच्या रकान्यांत बुजून जातात. त्या वर्षांत ही गाडी कोणी आणि कशी चालू ठेवली, याचा मागोवा मी गेली काही वर्षे इंजिनाच्या एका लहानशा भागावरून घेत आहे. तो भाग म्हणजे ऑइल पंप.

आधी जीपविषयी थोडे. महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. अमेरिकेतील विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून त्या मुंबईत जोडण्याचे काम १९४७ पासून सुरू झाले होते. पुढे आपल्याकडे जी उंच बॉनेटची जीप घरोघरी ओळखीची झाली, ती विलीजच्या १९५३ च्या ‘सीजे ३बी’ या नमुन्यावर बेतलेली. बॉनेट उंच, कारण आतले ‘हरिकेन’ इंजिन उंच. चार सिलिंडर, सुमारे २२०० सीसी, पेट्रोलवर चालणारे. युद्धातल्या जीपच्या इंजिनाच्याच ठोकळ्यावर इनटेक व्हॉल्व्ह वर नेऊन ते घडवले होते.

या इंजिनात ऑइल पंप ठोकळ्याच्या डाव्या अंगाला, बाहेरून बसवलेला असतो. अनेक गाड्यांत तो चेंबरच्या आत असतो. तिथे पंप काढायचा तर गाडीखाली शिरून चेंबर उतरवावा लागतो. जीपला चार बोल्ट खोलण्याचीही गरज नाही, तीन पुरतात. डेपोपासून दूर, झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीसाठी हा फरक फार मोठा. चेंबरमधून तेल घेणारी जाळीही तरंगती असते. ती वरच्या थरातले तेल ओढते. गाळ आणि ओढा ओलांडताना शिरलेले पाणी जड असल्याने तळाशी बसते. युद्धासाठी केलेली ही रचना वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावतीच्या खोऱ्यातल्या वाटांना जणू मापून बसली.

मात्र एक मेख आहे. कॅमशाफ्टवरचे गिअर हा पंप फिरवते आणि पंपाचाच दांडा पलीकडच्या डिस्ट्रिब्युटरला फिरवतो. पंप बसवताना गिअरचा एक दात जरी चुकला, तरी ठिणगीची वेळ बिघडते. म्हणून जाणता मिस्त्री आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढतो, आतल्या रोटरचे तोंड कुठे आहे ते पाहून ठेवतो आणि मगच बोल्टला पाना लावतो. बसवण्यापूर्वी पंपात तेल भरतो, नाहीतर पहिल्या काही क्षणांत बेअरिंगे कोरडी फिरतात.

पंपाची झीज होते ती मुख्यतः आतील रोटर आणि झाकण यांच्यात. त्यांच्यामधली फट इंचाच्या काही हजारांश भागांनी वाढली की तेल पुढे जाण्याऐवजी मागे गळते. चंद्रपूरचा उन्हाळा, जंगलातला संथ वेग, समोरून वारा नाही. तेल तापून पातळ होते आणि प्रेशरचा काटा खाली येतो. नवा पंप मागवला तर गाडी महिनाभर उभी. त्यामुळे उपाय गॅरेजातच होई. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवायचा, तेलाचे चार थेंब टाकायचे आणि झाकण आठाच्या आकड्यासारखे फिरवत घासायचे, रोटरने पाडलेले चरे जाईपर्यंत. मग पातळ कागदाचे पॅकिंग कापायचे. पॅकिंग जाड झाले की फट पुन्हा वाढली. फारच पातळ झाले की रोटर अडकला. फीलर गेज नसेल तर बोटांनी अंदाज घ्यायचा.

जिल्ह्यातील गॅरेजांच्या मागे पडलेल्या इंजिनांचे असे पंप मी उघडून पाहिले आहेत. एका झाकणावर जुन्या चऱ्यांची अर्धवट पुसलेली वर्तुळे आणि त्यांवर नव्या चऱ्यांची वर्तुळे होती. म्हणजे ते निदान दोनदा घासले गेले. दुसऱ्या पंपाच्या अंगावर आणि ठोकळ्यावर पंचने मारलेले समोरासमोरचे ठिपके होते, पुढच्या हाताला जागा सापडावी म्हणून. तिसऱ्याचे पॅकिंग रेघांच्या रजिस्टरच्या पानाचे होते. शिलालेखावरची अक्षरे वाचतो तसेच हे वाचावे लागते. अक्षरे लिहिणाऱ्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत.

हे आज लिहिण्याचे कारण आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि पुढे जीपमध्ये डिझेल इंजिने आली. पेट्रोलच्या कितीतरी गाड्यांतही मागाहून डिझेल बसले. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे दिवाणखान्यासारखी जपलेली गाडी वारसा ठरते. जंगलात राबून इंजिन बदललेली ठरत नाही. दुसरीकडे, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्या मोडीत काढण्याचा नियम लागू झाला. आवारात अजून उभे असलेले जुने सांगाडेही या लाटेत वजनावर जातील.

गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी सिरोंचा-भामरागडपर्यंतचा कारभार चांद्याहून हाकला जाई. तो हाकणे ज्या गाड्यांनी शक्य केले, त्यांच्या सगळ्या सांगाड्यांना संग्रहालयात जागा मिळणार नाही, हे मला कळते. पण ऑइल पंप ओंजळीत मावतो. लिलावापूर्वी तो काढून, गाडीचा क्रमांक लिहून, झाकणाचे छायाचित्र घेऊन ठेवायला एक कपाट पुरेल. आणि ज्यांनी ही झाकणे घासली, त्यांतले जे आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्याकडून काचेवरचा तो हात कसा फिरवायचा हे टिपून घेण्याचे काम त्याहूनही आधी व्हायला हवे.