नाकाची मोजपट्टी आणि गोरेपणाची पुडी

जात चेहऱ्यावर दिसते, हा समज आपल्या समाजात फार खोलवर रुजलेला आहे. उत्तर भारतात एक जुनी म्हण आहे, तिचा आशय असा की काळ्या ब्राह्मणावर आणि गोऱ्या चांभारावर भरवसा ठेवू नये. म्हण रचणाऱ्याला आपण काय कबूल करून बसलो हे कळले नसावे. ब्राह्मण काळा असतो आणि चांभार गोरा असतो, हे त्याला रोज दिसत होते. म्हणून तर सावध करण्याची पाळी आली. व्यवस्था आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसेना, तेव्हा दोष वस्तुस्थितीच्या माथी मारला गेला. या खोट्या मेळाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा प्रवास मला येथे पाहावयाचा आहे. कारण तो आता आपल्या मुलींच्या मूत्रपिंडापर्यंत येऊन पोहोचला आहे.

या समजाला शास्त्राचा अंगरखा चढविला तो हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त. माणसाच्या नाकाची रुंदी आणि उंची मोजायची, रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचे. आकडा ७० च्या खाली आला तर नाक निमुळते, ८५ च्या वर गेला तर बसके. अशी मोजमापे घेऊन त्याने सिद्धान्त मांडला की नाक जितके रुंद तितकी जात खालची. १९०८ साली त्याचा 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ निघाला. राज्यकर्त्या गोऱ्यांशी आर्यरक्ताचे नाते जोडून देणारा हा विचार येथील उच्चवर्णीयांना गोड लागला असल्यास नवल नाही. (याच रिस्लेने महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि कुणबी यांना एकाच 'शक-द्रविड' खान्यात कोंबले होते, तो भाग मिरविण्यासारखा नव्हता!)

बाबासाहेबांनी या मोजपट्टीचे काय केले, हे प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचले पाहिजे. १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज' मध्ये त्यांनी आर्यवंशाच्या सिद्धान्तालाच हात घातला. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे काय, हा प्रश्न त्यांनी घेतला. त्यांनी मोजपट्टी फेकून दिली नाही. गो. स. घुर्ये यांनी अभ्यासलेले नाकांचे आकडे घेतले, प्रांतवार ब्राह्मण आणि अस्पृश्य शेजारी शेजारी मांडले आणि दाखवून दिले की हे शास्त्र खरे मानायचे तर ब्राह्मणांना जो वंश द्याल तोच अस्पृश्यांना द्यावा लागेल. हत्यार त्यांचे, वार आपला! मी इतिहास शिकवतो. बाबासाहेबांच्या लेखनातील हे प्रकरण मला त्यांच्या बुद्धीचा सर्वात थंड, सर्वात निर्दय नमुना वाटतो.

परंतु पुस्तकात हरलेली मोजपट्टी घरादारात जिवंत राहिली. मी पदवीच्या वर्गात असताना एका प्राध्यापकांनी मला कौतुकाच्या सुरात म्हटले होते, "तू त्यांच्यातला वाटत नाहीस रे." माझा रंग आईवर गेलेला, उजळ. धाकटी बहीण वडिलांसारखी. उन्हात विटा वाहणारा बाप, त्याचा रंग तिने घेतला. तिला असे प्रशस्तिपत्र कधीच मिळाले नाही. सवर्ण घरातही मुलीचा रंग लग्नाच्या बाजारात तोलला जातो, हे खरे. आपल्या घरात मात्र त्यात आणखी एक भय मिसळलेले असते, ओळखले जाण्याचे. त्यांची मुलगी मलम लावते ती आवडावी म्हणून. आपली लावते ती पुष्कळदा कळू नये म्हणून. बाजाराला हा फरक ठाऊक असो वा नसो, पैसा दोघींचाही चालतो.

बाजार तसा जुनाच. १९१९ साली मुंबईत 'अफगाण स्नो' निघाला आणि 'स्नो-पावडर' हा शब्द खेड्यापाड्यांत नटण्यामुरडण्याचा पर्याय होऊन बसला. १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' आणले. पुढे त्याच्या स्वस्त पुड्या निघाल्या, म्हणजे मजुरी करणाऱ्या बाईलाही गोरेपण हप्त्याने मिळू लागले. २००५ साली पुरुषांसाठी वेगळे मलम आले. ही कंपन्यांची यादी लांबविण्यात अर्थ नाही. त्यांनी सांगितलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

दूरदर्शन संचावरची ती जाहिरात अनेकांना आठवत असेल. घरात ओढाताण आहे, मुलगा असता तर बरे झाले असते असे बाप म्हणतो. मुलगी मलम लावते, उजळते, हवाई सुंदरी होते आणि आईबापाला सुखात ठेवते. ही कथा कोणाची? गरिबीतल्या मुलाने शिकावे, नोकरी मिळवावी, घर वर काढावे, ही तर आपली कथा! वस्तीतल्या प्रत्येक आईने ती आपल्या लेकरांना सांगितली आहे. जाहिरातीने तिच्यातून फक्त शिक्षण काढून घेतले आणि त्या जागी पुडी ठेवली. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, तेव्हा २००३ साली ती जाहिरात बंद झाली. २०१४ साली जाहिरात क्षेत्राच्या स्वनियंत्रण मंडळाने काळ्या रंगाला हिणविणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या होऊन जग ढवळून निघाले, तेव्हा २०२० साली 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. मिनिआपोलिसचा रस्ता पेटावा लागला. खैरलांजी पुरेशी ठरली नव्हती.

आता शरीराकडे येऊ. येथे न्याय सोडता कामा नये. मोठ्या कंपन्यांच्या मलमातील नायसिनामाइड हे द्रव्य विष नव्हे. विष आहे ते या मलमांनी जागविलेल्या भुकेवर जगणाऱ्या दुसऱ्या फळीत. त्यातले एक स्टेरॉइड. खरजेसाठी, इसबासाठी असलेले मलम औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळते, चार दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, ऊन सोसवत नाही. लावणे थांबविले की आग भडकते, म्हणून पुन्हा लावायचे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्वचारोगतज्ज्ञांना चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले. २०१८ साली सरकारने अशी १४ औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

दुसरे विष पारा. तो त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, हे खरे; पण कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात, पाय सुजतात. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या अशा विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतील १५ जणांत विकाराचा एक विरळा प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे करणारी मलमे वापरली होती. २०२३ साली अकोल्यातील एकाच घरातल्या बायकांचे असेच प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेले. कायद्याने चेहऱ्याला लावायच्या अशा मलमात मुद्दाम पारा घालता येत नाही. पण बिननावाच्या डबीवर कायदा कोण वाचणार?

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील काळ्यांच्या पँथरवरून नाव घेऊन. तिकडे काळ्यांनी मुठीबरोबर आरसाही हाती घेतला होता. काळे ते सुंदर, ही घोषणा केसांपासून कातडीपर्यंत पोहोचली होती. आपण मूठ घेतली. आपल्या कवींनी काळा रंग कवितेत अभिमानाने आणला, सूर्याची आणि मातीची भाषा केली. पण कवितेतला काळा रंग मुलगी बघायला गेल्यावर दाराबाहेर चपलांजवळ राहिला. आपल्याच बौद्ध वधूवर मेळाव्यांच्या परिचयपुस्तिका उघडून पाहा. मुखपृष्ठावर बुद्ध आणि बाबासाहेब, आत 'शिक्षण' या रकान्याला लागून 'वर्ण' हा रकाना, आणि त्यात 'गोरी', 'निमगोरी', 'गहूवर्णी'. 'काळी' असे लिहिलेली एकही मुलगी मला त्या पानांत सापडलेली नाही. आमच्या तालुक्यातील मेळावा समितीपुढे हा रकाना काढून टाकण्याची सूचना मी ठेवली. समितीवरचे लोक चळवळीत आयुष्य घातलेले आहेत, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमचं पटतंय. पण रकाना काढला तर मुलाकडचे फोटो मागतील. फोटोवर काय करायचं ते सांगा." पुस्तिका छपाईला जायला अजून तीन आठवडे आहेत.