खुर्ची नेमणुकीची

1880च्या दशकात आपल्या जुन्नर तालुक्यात काय चाललं होतं ते आधी बघा. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलानं भटाशिवाय लग्नं लावली. ग्रामजोशांनी हक्काच्या दक्षिणेसाठी दावा ठोकला, तो मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. जुन्नरच्या कुळांनी सावकारांच्या जमिनी पडीक ठेवल्या. म्हणजे माणसं पेटली होती. पण ही माणसं सरकारी सभागृहात कुठं होती?

18 मे 1882ला रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. त्याच साली फ्रान्सात कोमांत्री गावात क्रिस्तोफ तिव्रिए हा पूर्वी खाणीत राबलेला समाजवादी महापौर झाला. 1889ला पार्लमेंटात गेला तो कामगाराचा सदरा घालूनच! त्याला कामगारांनी मतं दिली होती. इथं मत पाहिजे तर कर भरा, नाहीतर मालमत्ता दाखवा. आंबेगावातून गिरणीत गेलेल्या गड्याकडं दोन्ही नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884ला गिरणी कामगारांची संघटना उभारली, 1890ला रविवारची सुट्टी मिळवली, ती सभा घेऊन, अर्ज करून. सभागृहात हात वर करून नव्हे.

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत 1876 ते 1882 होते, तेही नेमलेले. आता नेमलेला माणूस गप बसतो, असं आपण धरून चालतो. 1880ला लिटनच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचे ठरलं, तेव्हा बत्तीस सभासदांत विरोध करणारे जोतीराव एकटेच. पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. दारूच्या दुकानांवरही भांडले. जोतीराव समाजवादी नव्हते, हे खरं. पण कष्टकऱ्याच्या बाजूनं बोलणारं तिथं दुसरं कोण होतं?

आणि आपला माणूस? गोपाळबाबा वलंगकर. पलटणीतून पेन्शनीत आलेले महार. 1895ला सरकारनं त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं. सवर्णांनी बोंब मारली. शेजारी महार बसतो म्हणजे काय! कायद्यानं खुर्ची मिळाली, पण बरोबर बसायची कुणाची तयारी नव्हती.

त्याच महाडात नगरपालिकेनं 1924ला चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. 20 मार्च 1927ला बाबासाहेब ते पाणी प्यायले, आणि 4 ऑगस्टला नगरपालिकेनं आपलाच ठराव रद्द करून टाकला.