शौच आणि शुचिता : आपल्या इतिहासातील एक अबोल प्रकरण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही शाळा हे व्याख्यान योजते, त्यांच्यापाशी मी याच साखळीत पहिली अक्षरे गिरवली. व्याख्यानाचा विषय मी कळवला, तेव्हा कार्यवाहांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक संतसाहित्यावर बोलेल, फार तर दत्तवाडीच्या उत्सवातील नाटकांवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र शौचालयावर बोलणार आहे. हा विषय निवडण्यास गुरुजीच कारण आहेत. ते कसे, हे शेवटी सांगेन.

शब्द काय सांगतात

भाषेचा अभ्यासक शब्दांपासून सुरुवात करतो. या देहधर्माला चारचौघांत उच्चारता येईल असे सरळ नाव मराठीत नाही. आहेत ती सारी आडवळणे. ‘परसाकडे जाणे’ म्हणजे घरामागच्या परसात जाणे. ‘बहिर्दिशेला जाणे’ म्हणजे बाहेरच्या बाजूस जाणे. ‘झाड्याला जाणे’ हाही तसाच एक प्रयोग. आणि सर्वांत सभ्य मानला गेलेला शब्द ‘शौच’. त्याचा मूळ अर्थ शुद्धी. म्हणजे क्रियेला नाव मिळाले ते तिच्यानंतरच्या धुण्यावरून.

या शब्दांत एक संपूर्ण जीवनपद्धती साठलेली आहे. घाण घरापासून दूर ठेवावी आणि देह शुद्ध करूनच घरात यावे, हा तिचा गाभा. मनुस्मृतीत या शुद्धीचा हिशेबही आहे : डाव्या हाताला दहा वेळा आणि दोन्ही हातांना मिळून सात वेळा माती लावावी. रस्ता, गोठा, नांगरलेले शेत आणि पाणी येथे बसू नये, असेही तेथे बजावले आहे. समर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात दिनचर्या सांगताना प्रातःकाळी दिशेला जाऊन निर्मळ पाण्याने शौच-आचमन करावे, असे सांगितले आहे. हात घासण्याचा हा आग्रह सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय प्रवाशांना नवलाचा वाटला असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

परंतु या सर्व नियमांचा कर्ता एकटा माणूस आहे. त्याने स्वतःला शुद्ध करून घ्यायचे आहे. आपल्यामागून त्याच जागी दुसरा कोणी येणार आहे, ही कल्पना त्यात नाही. कारण रान मोठे होते आणि माणसे थोडी होती. जागा सामाईक झाली, की हे शास्त्र मुके होते. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की आपण देहाची शुचिता जपली, पण सामाईक जागेची जबाबदारी कधी आपली मानली नाही. तिची किंमत आपल्याच भूमीने कशी मोजली, ते पाहू.

मोडशी

अजीर्णाने वांत्या-जुलाब होऊ लागले, की आपल्याकडची जुनी माणसे ‘मोडशी झाली’ असे म्हणत. या साध्या शब्दाने जगाचा प्रवास केला आहे. १५४३ साली गोव्याच्या राजधानीत एका भयंकर रोगाची साथ आली. गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने तिचे वर्णन केले असून, स्थानिक लोक या रोगास काय म्हणत तेही आपल्या कानाला ऐकू आले तसे नोंदवले आहे. तो शब्द ‘मोडशी’चेच रूप आहे. दिवसाला बारा, पंधरा, वीस मृत्यू होत. चर्चच्या घंटा इतक्या वेळा वाजू लागल्या, की लोक घाबरू नयेत म्हणून राज्यपालाने त्या वाजवण्यास मनाई केली. इस्पितळात दगावलेल्या एका रोग्याचे प्रेत त्याने वैद्यांसमोर उघडवून पाहिले. आक्रसलेल्या जठराखेरीज आत काही सापडले नाही. पुढे १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील विख्यात ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यातही या रोगाची आणि त्याच्या देशी नावाची चर्चा आहे. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले आणि फ्रेंचांनी त्या ध्वनीवरून ‘मोर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असा अर्थ काढला. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द युरोपात मरणाचे नाव होऊन बसला!

ही पटकी होती, असे अभ्यासक मानतात. तिचे कारण त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. दूषित हवा, ग्रह, अतिभोजन यांना दोष दिला जाई. खरे कारण पायाखाली होते. गोव्याची भूमी जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात पाणी त्यातून झपाट्याने झिरपते. दाट वस्तीच्या शहरात मैल्याचे खड्डे आणि पिण्याच्या विहिरी एकमेकांजवळ आल्या, की खड्ड्यातले विहिरीत उतरण्यास वेळ लागत नाही. राजधानीच्या ऱ्हासाला डचांशी झालेली युद्धे, व्यापाराची उतरती कळा अशी इतरही कारणे होती. परंतु साथींनी शहर ओस पाडले हे निर्विवाद आहे. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला निवास पणजीस हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुने गोवे वैभवशाली चर्चांसह मागे उरले.

घाण कोणाच्या माथी?

आमच्या डिचोली-पेडण्याकडे, म्हणजे नव्या काबिजादींत, कुळागरे आणि माळराने मुबलक. म्हणून परसाकडे जाणे बराच काळ निभावले. बार्देश-साष्टीच्या दाट वस्तीत दुसरी युक्ती निघाली. घरामागे उंचावर एक खोपटी, तिच्या मागे उतरती घळ आणि घळीच्या तोंडाशी डुक्कर. मैला क्षणात नाहीसा होई. पाहुण्यांना हसू येई. पण ही व्यवस्था माणसाला माणसाचा मैला उचलायला लावत नव्हती, एवढे तिच्या बाजूने म्हटले पाहिजे.

मात्र नजरेआड झालेले नष्ट होत नाही. पट्टकृमी पोटात असलेल्या माणसाच्या मैल्यातून त्या कृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात, त्याच्या मांसात त्यांचे कोष होतात आणि ते मांस अर्धेकच्चे खाणाऱ्याच्या आतड्यात पुन्हा पट्टकृमी वाढतो. येथवर शाकाहारी मनुष्य निश्चिंत असतो. परंतु तीच अंडी कृमिग्रस्ताच्या न धुतलेल्या हातांतून कोणाच्याही भाजीत किंवा पाण्यात उतरू शकतात. मग कोष होतात ते थेट माणसाच्या मेंदूत, आणि अपस्माराचे झटके येऊ लागतात. आयुष्यभर मांसाला न शिवलेल्या, सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या घरातही हा रोग येऊ शकतो. सोवळे माणसांना अडवते, अंड्यांना नाही.

जेथे डुक्कर नव्हते, तेथे, विशेषतः शहरांत, माणूस होता. टोपलीचे संडास आले आणि ती टोपली विशिष्ट जातींच्या डोक्यावर ठेवली गेली. शुद्धीचे शास्त्र आपल्याकडे आणि शुद्धीचे श्रम त्यांच्याकडे, वर अशुद्धतेचा शिक्काही त्यांच्याच कपाळी, अशी ही विभागणी होती. १८९६ साली प्लेगच्या भीतीने राजकोटात संडासांची तपासणी झाली. तिच्यात गांधीजी होते. त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे, की श्रीमंतांचे संडास सर्वांत गलिच्छ आढळले आणि अस्पृश्यांच्या वस्तीत संडास नसले, तरी घरे स्वच्छ होती. त्या वस्तीत पाऊल टाकण्यास समितीतील एकच सदस्य त्यांच्याबरोबर तयार झाला.

आपल्या उंबरठ्यापलीकडच्या कोकणात या प्रश्नाला जन्म वाहिलेला पुरुष होऊन गेला. अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम आपणास द्यावे, अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही, असे उत्तर मिळाले. डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनी त्यासाठी उपोषण आरंभले आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांना उपवासाची साथ दिली. हक्क मिळावा म्हणून उपोषणे पुष्कळ झाली. मैला साफ करण्याच्या हक्कासाठी झालेले उपोषण विरळाच. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी कमी खर्चाच्या संडासांचे प्रयोग केले. मैल्याचे खत व्हावे आणि तो कोणाला डोक्यावरून वाहावा लागू नये, हा त्यांचा हेतू. अशा खताला मराठीत ‘सोनखत’ म्हणतात. ज्याला हात लावणाऱ्याला आपण दूर लोटले, त्यालाच शेतात पडल्यावर सोने म्हटले!

टोपलीचे संडास बंद करणारा कायदा देशात १९९३ साली झाला आणि २०१३ साली तो अधिक कडक करावा लागला. गटारात उतरून गुदमरणाऱ्या सफाई कामगारांच्या बातम्या मात्र त्यानंतरही थांबलेल्या नाहीत.

जंतूंना जात नसते

रोगाचे कारण कळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरचे मृत्यू मोजले आणि साऱ्यांचा संबंध एका सार्वजनिक पंपाशी जोडून दाखवला. त्या विहिरीजवळच एक झिरपणारा मैलाखड्डा होता, हे नंतर उघड झाले. जुन्या गोव्यात जे घडले असावे, तेच तेथे घडले होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाचा जंतू निश्चित केला.

आता आपल्या सामाईक स्नानगृहाकडे वळू. तेथे लोक बैठकीला भितात. वास्तविक अखंड त्वचा हे उत्तम चिलखत आहे. धोका असतो हाताला. न धुतलेल्या हाताने आपण टमरेल ठेवतो, तोटी उघडतो, मग हात धुतो आणि धुतलेल्या हाताने तीच तोटी बंद करतो. त्याच दाराची कडी काढतो. पटकी होण्यास सहसा जंतू फार मोठ्या संख्येने पोटात जावे लागतात. रक्ती आव पाडणाऱ्या शिगेला जंतूला मात्र दहा ते शंभरही पुरतात, आणि तेवढे एका कडीवर सहज मावतात. उलट्या-जुलाबांचे काही विषाणू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस तग धरतात. १९७५ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात असेही दिसले, की पाणी जोराने सोडले असता भांड्यातून सूक्ष्म थेंब उडून आसपासच्या वस्तूंवर बसतात. म्हणून झाकण असेल तर ते आधी लावावे.

उपाय स्वस्त आहे. साबण मेद सैल करतो आणि घर्षणाने जंतू पाण्याबरोबर निघून जातात. साबणाने हात धुण्याच्या सवयीने जुलाबाचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटते. आपल्या पूर्वजांच्या मातीतही घर्षण होते. पण ती माती कोठली, यावर सारे अवलंबून असे, कारण मळलेल्या मातीतच कृमींची अंडी असतात. आणखी एक गोष्ट साखळीकरांनी विसरू नये. पायाखालचा जांभा तोच आहे. घराघरांतील शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर हवा, आणि आपल्या सच्छिद्र भूमीत त्याहूनही अधिक.

गुरुजींचा खराटा आणि माझी किल्ली

गुरुजींकडे परत येतो. मुक्तीनंतर काही वर्षांनी आमच्या शाळेला दोन संडास मिळाले. पंधरवड्यात ते वापरण्याजोगे राहिले नाहीत. साफ करणार कोण? गुरुजींनी आठवड्याच्या पाळ्या लावल्या, तर काही पालक वहाणाही न काढता तक्रार घेऊन आले : आमच्या मुलांनी हे काम करायचे? गुरुजींनी वाद घातला नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी धोतर खोचले, खराटा आणि बादली घेतली आणि स्वतः आत गेले. तिसऱ्या शनिवारी आम्ही चौघे मुलगे न सांगता पाणी शेंदू लागलो. त्या चौघांत कोण कोणत्या घरचा, हे त्यांनी विचारले नाही. पुढे पाळ्या सर्वांच्या लागल्या आणि पहिली पाळी नेहमी त्यांची असे. हा तपशील महत्त्वाचा आहे. पाळी सर्वांची नसेल, शिक्षकांची नसेल, तर ती पाळी नव्हे. ती जुनी टोपलीच.

हा धडा मी पुरता शिकलो, असे मात्र म्हणता येत नाही. नंतर ज्या महाविद्यालयात मी शिकवीत होतो, तेथे शिक्षकांचे स्वच्छतागृह कुलपात असे आणि किल्ली आमच्या खोलीत खिळ्याला लटके. एकदा भर वर्गात एक विद्यार्थिनी भोवळ येऊन पडली. चौकशी केली तेव्हा कळले, की मुलींसाठीची जागा पाय ठेवण्याजोगी नसल्याने ती सकाळपासून सायंकाळपर्यंत पाणीच पीत नसे. आणि ती एकटी नव्हती. मी वर्षानुवर्षे त्या मुलींना शुचितेचे अभंग शिकवीत होतो, आणि किल्ली माझ्याही हाताशी होती. कुलूप कोणी लावले हे मी तेव्हा विचारले. ते मला आधी का खटकले नाही, हे विचारायला पुढे बराच काळ गेला.

माजी विद्यार्थी शाळेसाठी काही करू इच्छितात, तेव्हा कमान उभारतात किंवा रंगमंचाला पडदा देतात. त्यांना माझी विनंती आहे, की या शाळेच्या स्वच्छतागृहात साबण, वाहते पाणी आणि आतून लागणारी कडी रोज राहील, आणि सफाई करणाऱ्या व्यक्तीला हातमोजे, योग्य वेतन व नावाने हाक मिळेल, याची तजवीज करावी. पाटी लावू नये. गुरुजींच्या खराट्यावर नाव नव्हते.