विज्ञान शिक्षकांचे ऑनलाईन प्रशिक्षण : सीमाभागात काय उपयोगी, काय अपुरे?

निपाणी : बेळगाव, निपाणी परिसरातील मराठी माध्यमाच्या विज्ञान शिक्षकासमोर आज मोबाईलवरच प्रशिक्षण उपलब्ध आहे. अडचण आहे ती भाषेची आणि पाठ्यपुस्तकाची.

सुरुवात कधी झाली?
शिक्षकांसाठीचे 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झाले. 21 ऑगस्ट 2019 रोजी केंद्राने 'निष्ठा' प्रशिक्षण आणले. उद्दिष्ट होते सुमारे 42 लाख शिक्षक आणि मुख्याध्यापकांचे. आधी ते समोरासमोर होते. कोरोनामुळे ऑक्टोबर 2020 पासून ते 'दीक्षा'वर गेले आणि 2021 मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठीचा टप्पा आला. नवीन शैक्षणिक धोरणात (2020) प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण घ्यावे, असे म्हटले आहे.

सीमाभागाची अडचण
कर्नाटकात नववी-दहावीचे विज्ञान एनसीईआरटीच्या पुस्तकांवर आधारलेले आहे, तर महाराष्ट्रात बालभारतीची स्वतःची पुस्तके आहेत. त्यामुळे पलीकडचा मराठी व्हिडिओ कळायला सोपा, पण धड्यांचा क्रम जुळत नाही. राज्याचे प्रशिक्षण घ्यावे, तर तिथली मुख्य भाषा कन्नड. कन्नडमध्ये 'स्पीड'ला 'जव' म्हणतात, महाराष्ट्राच्या पुस्तकात 'चाल'. 'बेस'ला कन्नडमध्ये 'प्रत्याम्ल', मराठीत 'आम्लारी'. शिक्षक गोंधळला की मुलेही गोंधळतात, आणि परीक्षेत त्याची किंमत मुलांनाच मोजावी लागते.

ऑनलाईन कुठे कमी पडते?
संकल्पना समजून घ्यायला व्हिडिओ चांगला. हवा तेव्हा थांबवता येतो, पुन्हा बघता येतो. पण भिंगाने पडद्यावर प्रतिमा कशी आणायची, मंडलात अॅमीटर एकसरीत आणि व्होल्टमीटर समांतर कसा जोडायचा, हे हाताने केल्याशिवाय जमत नाही. म्हणूनच मिश्र पद्धत, म्हणजे थोडे ऑनलाईन आणि थोडे प्रत्यक्ष, विज्ञानाला जास्त मानवते.

उदाहरण घ्या. आम्ल-आम्लारीचा भाग शिक्षकाने घरी बघायचा. मग तालुक्यातल्या बैठकीत हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घालून रंग लाल होतो का, लिंबू पिळल्यावर परत पिवळा होतो का, हे सगळ्यांनी करून बघायचे. खर्च चार-पाच रुपयांचा. कुठली मुले कुठे अडतात, ही चर्चाही तिथेच होते.

शिक्षकांनी काय करावे?
• धड्याच्या क्रमांकाने नव्हे, संकल्पनेच्या नावाने साहित्य शोधावे.
• इंग्रजी, कन्नड आणि मराठी संज्ञांची तीन रकान्यांची वही ठेवावी. परीक्षेसाठी मात्र आपल्या पुस्तकातलाच शब्द वापरावा.
• 'निष्ठा'च्या प्रमाणपत्रासाठी शेवटच्या चाचणीत 70 टक्के गुण लागतात. घाईने व्हिडिओ पुढे ढकलून उपयोग नाही.
• निपाणी तालुका चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यात येतो. प्रत्यक्ष सत्रात मराठीतून खुलासा हवा असल्यास शाळेमार्फत तिथे लेखी मागणी करावी.