१७ जुलै १९६७ : खांबावर मिळालेला श्वास

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल शहरात या दिवशी रँडल चॅम्पियन हे लाइनमन, म्हणजे वीजवाहिन्यांची देखभाल करणारे कामगार, चार हजारांहून अधिक व्होल्ट दाबाच्या तारेचा धक्का बसून बेशुद्ध झाले आणि सुरक्षापट्ट्याच्या आधारे खांबावर उलटे लोंबकळू लागले. अशा धक्क्याने श्वसन थांबू शकते व प्राणवायूअभावी मेंदू काही मिनिटांतच निकामी होऊ लागतो. लटकत्या देहाची छाती दाबून हृदयाला चालना देणेही तेथे अशक्य होते, म्हणून त्यांचे सहकारी जे. डी. थॉम्पसन यांनी खांबावर चढून, तारांच्या सान्निध्यातच, तोंडाने श्वास देण्यास आरंभ केला, आणि नाडीची क्षीण हालचाल जाणवल्यावरच पट्टा सोडवून त्यांना खांद्यावरून खाली आणले. जमिनीवर उपचार चालू राहिले व चॅम्पियन वाचले. पुढे २००२पर्यंत ते जगले.

घटनास्थळी असलेले छायाचित्रकार रोको मोराबिटो यांनी रुग्णवाहिका बोलावली, हे विशेष नोंदवण्याजोगे आहे; नंतर त्यांनी टिपलेल्या, खांबावर श्वास देतानाच्या क्षणाच्या छायाचित्राला १९६८चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि एरवी वीज गेल्यावरच आठवणाऱ्या या कामगारांचे धैर्य जगापुढे आले.