सांध्यातली गोष्ट

गेल्या दिवाळीत मंडळाच्या फराळाच्या वेळी एका तरुण इंजिनियरने मला विचारले, "काका, घराचे भाग कारखान्यात बनवून जागेवर फक्त जोडले, तर वेळ वाचतो, मालाची नासाडी कमी होते. मग सगळीच घरे अशी का बांधत नाहीत?" हा युवक इथेच जन्मलेला. प्रश्न चांगला, पण नवा नाही. ब्रिटनने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर निदान दोनदा केला आहे.

पहिला प्रयोग महायुद्धानंतरचा. बॉम्बहल्ल्यांत बेघर झालेल्यांसाठी १९४४ च्या कायद्याने तात्पुरत्या घरांची योजना आली आणि १९४९ पर्यंत सुमारे १,५६,००० 'प्रीफॅब' घरे उभी राहिली. त्यांतले ॲल्युमिनियमचे बंगले विमानांच्या कारखान्यांत तयार होत आणि चार भागांत लॉरीवरून येत. आत न्हाणीघर आणि चक्क फ्रिज! प्रीफॅबचे आयुष्य धरले होते दहा वर्षांचे. पण लंडनच्या कॅटफर्डमधील प्रीफॅब वसाहतीत लोक साठ वर्षांनंतरही आनंदाने राहत होते. २००९ मध्ये त्यांतील सहा घरांना वारसा म्हणून संरक्षण मिळाले.

दुसरा प्रयोग उंच इमारतींचा. १९५६ च्या कायद्याने इमारत जितकी उंच, तितके सरकारी अनुदान जास्त मिळू लागले. काँक्रीटचे तयार पॅनेल एकावर एक रचून टॉवर उभे राहू लागले. पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट हा त्यांपैकी एक, २२ मजल्यांचा. त्याची डॅनिश पद्धत मुळात जास्तीत जास्त सहा मजल्यांसाठी होती. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावर एका बाईंनी चहासाठी गॅस पेटवला आणि गळती झालेल्या गॅसचा स्फोट झाला. भिंतीचे पॅनेल निखळले, वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या भाराने इमारतीचा अख्खा कोपरा कोसळला. चार माणसे गेली. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

१९७० मध्ये नियम बदलले : एक भाग निकामी झाला, तरी बाकीची इमारत कोसळता कामा नये. पुढे १९८६ मध्ये हा टॉवर एकेक मजला करून उतरवला, तेव्हा खरी गोष्ट दिसली. जिथे सिमेंटचा माल ठासून भरायला हवा होता, त्या सांध्यांत पोकळ्या होत्या. काही ठिकाणी वर्तमानपत्राचे बोळे होते.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले : पॅनेल कारखान्यात तपासता येते. सांधा मात्र जागेवरच भरावा लागतो, थंडी-पावसात, मुदतीच्या घाईत, आणि नंतर तो झाकला जातो. पद्धत वाईट नाही. साधी प्रीफॅब घरे साठ वर्षे टिकलीच ना! पण झाकण्याआधी सांधा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा माणूस हवा. वेळ वाचवताना पहिली काटछाट त्याचीच होते.

तो म्हणाला, "काका, आमच्या साइटवर ते काम माझ्याकडेच आहे." मी म्हटले, "मग घाई करू नकोस, बाबा."